बर्लिनमधलं एक सत्र: वाचकांचे प्रश्न

देवाणघेवाण कार्यक्रमातून एका सत्रासाठी बर्लिनला निघालेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. घर, बँक, विमा, परीक्षा हे सगळे प्रश्न वेगळे वाटतात, पण अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येते: जो कागद आधी हवा तो नंतरसाठी ठेवलेला असतो. म्हणून उत्तरांत क्रमावर भर दिला आहे. रकमा दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशीचा आकडा स्वतः तपासून घ्या.

माझ्या मुलीला हिवाळी सत्रासाठी एक खोली मिळते आहे. भाडं परवडणारं आहे, पण देणारा म्हणतो, "राहा खुशाल, फक्त या पत्त्यावर नोंदणी करता येणार नाही." सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे. घ्यावी का?

नका घेऊ. स्वस्त भाड्यात वाचलेले पैसे पुढच्या दोन महिन्यांत दुसऱ्या वाटेने जातील, आणि मनस्ताप वेगळाच.

जर्मनीत राहायला आल्यापासून 14 दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात आणि ती ब्युर्गरआम्ट या नागरी कार्यालयात होते. नुसता भाडेकरार दाखवून ती होत नाही. घर देणाऱ्याने सही केलेला एक वेगळा, एक पानी दाखला लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पण त्यात एवढंच लिहिलेलं असतं की अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून या घरात राहायला आली. हा दाखला देणं घर देणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. तरीही तो नाही म्हणत असेल, तर बहुधा तो स्वतःच भाडेकरू असतो आणि मूळ मालकाला न विचारता खोली पोटभाड्याने देत असतो. मालकाला कळलं की सत्राच्या मध्यात खोली सोडायची वेळ येते.

नोंदणी नसेल तर काय अडतं? काही बँका खातं उघडत नाहीत. नोकरीसाठी लागणारा कर-क्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो, तो येत नाही. व्हिसाची मुदत वाढवायची झाली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पहिल्यांदा हाच कागद मागतात. यावर उपाय म्हणून "तू राहा तिकडे, नोंदणी माझ्या पत्त्यावर कर, थोडे पैसे दे" असं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. प्रत्यक्ष न राहता फक्त कागदोपत्री पत्ता देण्याबद्दल कायद्यात 50,000 युरोपर्यंत दंड आहे.

नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि बर्लिनमध्ये ती पटकन मिळत नाही. पण शहरातल्या कुठल्याही भागातलं ब्युर्गरआम्ट चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. इतरांनी रद्द केलेल्या वेळा दिवसभर अधूनमधून मोकळ्या होतात. सकाळी लवकर आणि पुन्हा दुपारी पान उघडून बघत राहिलं तर दोन-चार दिवसांत काहीतरी हाती लागतं. वेळ 14 दिवसांनंतरची मिळाली तर आरक्षणाची पावती जपून ठेवा, म्हणजे उशीर तुमच्या बाजूने झाला नाही हे दाखवता येतं. नोंदणीला शुल्क नाही. अर्जात धर्माचा रकाना असतो. काही चर्चच्या सदस्यांकडून प्राप्तिकराबरोबर चर्च-कर घेतला जातो, त्यासाठी तो रकाना आहे. तो घाईत भरू नका.

आता एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. बर्लिनमधल्या पत्त्यात फ्लॅट क्रमांक बहुधा नसतोच. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, आणि पुढे टपालपेटीवरचं आडनाव. जुन्या इमारतींना तर रस्त्याकडचा भाग, आतल्या चौकातला मागचा भाग आणि बाजूचा भाग असे तीन-तीन जिने असतात. पोस्टमन पेट्यांच्या रांगेसमोर उभा राहून फक्त नावं वाचतो. तुमचं नाव पेटीवर दिसलं नाही तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कर-क्रमांक हे सगळं टपालाने येतं. म्हणून खोलीत सामान ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे पेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी आडनाव लावणं. पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर. आधी कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालेल, पण त्याच दिवशी.

एका घरमालकाशी ईमेलवर बोलणं झालं. तो सध्या दुसऱ्या देशात आहे. दोन महिन्यांचं भाडं अनामत पाठवलं की चावी कुरियरने येईल म्हणतो. फोटो फार सुंदर आहेत.

पैसे पाठवू नका. ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे: मालक परदेशात, घर मोक्याच्या जागी, भाडं त्या भागाच्या मानाने कमी, आणि "अजून तिघं तयार आहेत" अशी घाई. पासपोर्टची प्रत मागितली असेल तर तीही देऊ नका. तुमच्याच पासपोर्टची प्रत दाखवून पुढच्याला फसवतात.

खरं घर असेल तर व्हिडिओ कॉलवर दार उघडून, खिडकीतून रस्ता दाखवून, टपालपेटीवरचं नाव दाखवता येतं. तसं करायला तो तयार नसेल तर विषय संपला. करार आधी, पैसे नंतर. आणि अनामतीबद्दल कायदा स्पष्ट आहे. तिला काउत्सिओन म्हणतात, आणि ती मूळ भाड्याच्या तीन पटींहून जास्त घेता येत नाही. मूळ भाडं म्हणजे काल्टमीटे, ज्यात हीटिंग आणि इतर खर्च धरलेला नसतो. ते धरून होतं ते वार्ममीटे. जाहिरात वाचताना कुठला आकडा लिहिला आहे ते आधी बघा, फरक बराच असतो. अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, आणि पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा असतो.

देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्याने खोली शोधायची सुरुवात यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयापासून करावी. वसतिगृहं विद्यापीठाची नसून श्टुडिरेंडनवेर्क या स्वतंत्र संस्थेची असतात, आणि तिथे काही खोल्या देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवतात. अर्जाची मुदत प्रवेशपत्रासोबतच्या ईमेलमध्ये कुठेतरी खाली लिहिलेली असते. ती चुकली की मग एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरातली खोली शोधावी लागते.

ब्लॉक केलेल्या खात्यात पैसे भरले की तिथला खर्च भागेल ना? वेगळे पैसे द्यायची गरज आहे का?

गरज आहे, आणि पहिल्या महिन्यासाठीच आहे. या खात्याला श्पेरकोंटो म्हणतात: तिकडच्या खर्चाची सोय आहे हे व्हिसासाठी दाखवायला आधीच पैसे भरून ठेवायचं खातं. सप्टेंबर 2024 पासून व्हिसासाठी महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाला 11,904 युरो असा हिशोब धरतात. सहा महिन्यांचे 5,952 होतात. तुमच्या मुक्कामाचे नेमके किती महिने धरायचे ते वकिलातीच्या यादीतून पक्कं करून घ्या.

गंमत अशी की हे पैसे तुमचे असूनही एकदम हातात येत नाहीत. महिन्याला 992 एवढेच सुटतात, आणि तेही तिकडे चालू खातं उघडून त्याचा क्रमांक कळवल्यानंतर. उदाहरणादाखल धरू की मूळ भाडं 450, हीटिंगसह 550, अनामत 900. अनामतीचा पहिला हप्ता 300 दिला तर भाड्यासकट 850 गेले आणि महिन्याला उरले 142. मालकाने अनामत एकदम मागितली आणि तुम्ही मान्य केली, तर 1,450 लागतील. तेवढे तर सुटतच नाहीत. त्यात विद्यापीठाचं सत्र-शुल्क पहिल्याच महिन्यात भरायचं असतं. शिक्षण शुल्क देवाणघेवाणीत माफ असतं, पण हे सत्र-शुल्क वेगळं, त्यात प्रवासाच्या तिकिटाचा मोठा वाटा असतो.

म्हणून दोन महिन्यांच्या पूर्ण खर्चाइतके पैसे परदेशात चालणाऱ्या कार्डावर वेगळे ठेवा. एका कार्डावर भिस्त ठेवू नका. अनोळखी शहरातल्या पहिल्याच खरेदीला बँक संशयाने कार्ड बंद करते, आणि ते सुरू करायला येणारा संकेतांक घरी राहिलेल्या सिमकार्डावर जातो.

प्रवास विमा काढला आहे. तो पुरेल का?

प्रवासापुरता आणि विद्यापीठात नाव नोंदवेपर्यंत पुरेल, नाव नोंदवायला पुरणार नाही. विद्यापीठाला तुमच्या विम्याची स्थिती जर्मन सार्वजनिक विमा संस्थेकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळावी लागते. तुम्ही छापील प्रत नेऊन दिलीत तरी उपयोग नाही. विमा संस्थेला विद्यापीठाचं नाव सांगून "एम 10 संदेश पाठवा" एवढंच म्हणायचं, त्यांना कळतं. वय 30 च्या आत असेल तर विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर मिळतो. खासगी विमा घेऊन सार्वजनिक विम्यातून सूट घेता येते, पण ती सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. पुढे तिथेच पदव्युत्तर शिक्षणाचा विचार असेल तर ही सही करण्याआधी विमा संस्थेशी सविस्तर बोला.

सत्र ऑक्टोबर ते मार्च आहे असं पत्रात लिहिलं आहे. पण आमच्या विद्यापीठाचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतं. डिसेंबरमध्ये परत येता येईल का? आणि 30 क्रेडिट घ्यायचे म्हणजे किती विषय?

हा प्रश्न व्हिसाच्या आधी सोडवा, कारण सगळ्यात जास्त सत्रं इथेच वाया जातात.

हिवाळी सत्र कागदावर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात, नाताळाच्या सुमारास दोन आठवडे सुट्टी असते. लेखी परीक्षा व्याख्यानं संपताना होतात. बऱ्याच विषयांत दुसरी संधी मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या तोंडावर ठेवलेली असते. म्हणजे डिसेंबरात परतलात तर बहुतेक विषयांत हाती काहीच पडणार नाही. उन्हाळी सत्र 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर. व्याख्यानं एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. तुमच्या वेळापत्रकात ते जास्त सोपं बसत असेल तर तेच निवडा. हिवाळीच घ्यायचं असेल तर परत आल्यावर बुडालेल्या आठवड्यांचं काय, हे आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. व्हिसा किती तारखेपर्यंत आहे तेही परीक्षेच्या दुसऱ्या तारखेशी जुळवून बघा. विमानाचं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं, म्हणून व्हिसाही तेवढाच, आणि एक विषय राहिला तर मार्चच्या परीक्षेला थांबता येत नाही, असं होतं.

आता क्रेडिट. युरोपीय पद्धतीत एका सत्राचं पूर्ण ओझं 30 क्रेडिटचं, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम धरतात. तास म्हणजे फक्त वर्गातले नव्हेत. घरचं वाचन, गटकाम, परीक्षेची तयारी सगळं त्यात आलं. 30 क्रेडिट म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास. 5-6 क्रेडिटचे पाच-सहा विषय होतात. परक्या भाषेच्या वातावरणात, नवीन शहरात हे जड जातं. तुमचं विद्यापीठ 20-24 क्रेडिटवर मान्यता देत असेल तर तेवढेच घ्या आणि नीट करा.

निवडताना एक चूक हमखास होते. जर्मनीत "मॉड्युल" हे पूर्ण एकक असतं: त्यात व्याख्यान, सोबतचा सराववर्ग आणि शेवटी एक परीक्षा. कोणी वेळापत्रकातून फक्त व्याख्यान उचलतं आणि सराववर्ग सोडतं. सत्रभर बसूनही मग मॉड्युल पूर्ण होत नाही आणि पूर्ण क्रेडिट मिळत नाहीत. मानव्यशास्त्रांच्या सेमिनारमध्ये आणखी एक फरक असतो: नुसती सक्रिय उपस्थिती आणि सादरीकरण केलं तर थोडे क्रेडिट, शेवटी हाउसआरबाइट म्हणजे दीर्घ निबंध लिहिला तर जास्त. पहिल्याच तासाला प्राध्यापकांना सरळ विचारा: मी देवाणघेवाणीची विद्यार्थिनी आहे, मला किती क्रेडिट मिळतील, त्यासाठी नेमकं काय करायचं, आणि गुण कधी मिळतील? उत्तर ईमेलवर पुन्हा घ्या.

विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नाव नोंदवलं असं नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि ती बऱ्याचदा सत्राच्या मध्येच असते. नोंदणी न करता पेपर लिहिला तर तो धरत नाहीत. उलट, नोंदणी करून न जाणं हे नापास धरलं जाऊ शकतं. नाव मागे घ्यायचीही एक तारीख असते. दोन्ही तारखा पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवा.

निघण्यापूर्वी मंजूर झालेल्या विषयांच्या करारात तिथे गेल्यावर बदल करावाच लागतो, कारण एखादा विषय त्या सत्रात होत नाही किंवा दोन वेळा एकमेकांवर येतात. बदल करण्यात काही गैर नाही. पण नवा करार दोन्ही विद्यापीठांच्या सहीने पहिल्या तीन-चार आठवड्यांत पूर्ण करा. परत आल्यावर "हा विषय आम्ही मान्य केला नव्हता" असं ऐकावं लागतं ते याच सहीअभावी.

मला एका विषयात 1.7 मिळाले. आमच्या परीक्षा विभागाने ते 10 पैकी 1.7 धरून नापास केलं आहे!

त्यांना शांतपणे समजावून सांगा. गुण उत्तम आहेत. जर्मन श्रेणीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास, 5.0 म्हणजे नापास. मधल्या पायऱ्या 1.3, 1.7, 2.0, 2.3 अशा.

परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलण्यासाठी तिकडे "सुधारित बव्हेरियन सूत्र" वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, आलेल्या संख्येला जास्तीत जास्त आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, 3 ने गुणायचं, 1 मिळवायचा. हेच उलट फिरवलं की जर्मन गुण तुमच्या श्रेणीत येतात. तुमच्याकडे कमाल 10 आणि उत्तीर्ण 4 असेल तर फरक 6. 1.7 मधून 1 वजा केला, 0.7; त्याला 6 ने गुणून 3 ने भागलं, 1.4; 10 मधून 1.4 गेले, राहिले 8.6. हे गणित, गुणपत्रिका आणि तिच्या मागे छापलेली श्रेणींची माहिती अर्जाला जोडा. सूत्र स्वीकारायचं की नाही हे तुमचं विद्यापीठ ठरवेल, म्हणून खरं तर ते जाण्याआधीच लेखी ठरवून घ्यायला हवं. गुणपत्रिका यायला परीक्षेनंतर काही आठवडे लागतात, निबंध असेल तर त्याहून अधिक.

वेळापत्रकात "10 सी.टी." लिहिलं आहे. म्हणजे?

तास 10 वाजून 15 मिनिटांनी सुरू होईल. लॅटिन शब्दांचं ते संक्षिप्त रूप, "वेळेसह" या अर्थाचं. शैक्षणिक पाव तास. "एस.टी." लिहिलं असेल तर ठोक्याला. परीक्षेच्या सूचनेत हे दोनदा वाचा.

विमानतळावरून येताना तिकीट काढलं होतं, तरी मुलाला 60 युरो दंड झाला. असं कसं?

दोन कारणं संभवतात. बर्लिनच्या वाहतुकीचे ए, बी, सी असे तीन पट्टे आहेत आणि विमानतळ सी मध्ये येतो. शहरात रोज चालणारं ए-बी चं तिकीट तिथे चालत नाही. ए-बी-सी घ्यावं लागतं. दुसरं, यंत्रातून काढलेलं कागदी तिकीट फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि "मी नवीन आहे" हे ऐकून घेत नाहीत.

विद्यार्थ्यांचं सत्र-तिकीट हातात आलं की हा प्रश्न उरत नाही, ते देशभरातल्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र नाही. आणि ते सत्राच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं. सप्टेंबरात पोहोचलात तर तेवढ्या दिवसांची सोय वेगळी.

खोलीच्या भिंतीवर काळे ठिपके आले आहेत. घरमालकीण म्हणते, अनामतीतून कापून घेईन.

ती बुरशी आहे. बाहेर थंडी, आत खिडक्या घट्ट बंद. अंघोळीची, स्वयंपाकाची, ओल्या कपड्यांची वाफ आत कोंडते आणि सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे बहुधा खिडकीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे, पाणी धरते. खिडकी दिवसभर फटीएवढी तिरकी ठेवल्याने उपाय होत नाही. भिंत आणखी गार होते. दिवसातून तीन-चार वेळा खिडकी पूर्ण उघडायची, पाच ते दहा मिनिटं, त्या वेळी हीटरची कळ बंद, मग खिडकी लावून पुन्हा चालू. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खोली अगदी गार पडू देऊ नका. तुमच्या पत्रावरून डाग कधीचे आहेत ते कळत नाही. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर लगेच मालकिणीला पाठवा, कारण भिंतीतून पाणी झिरपत असेल तर जबाबदारी तिची आहे.

याच पत्रात तुम्ही उदास वाटतं असंही लिहिलं आहे. ते भिंतीइतकंच खरं आहे. डिसेंबरच्या शेवटी बर्लिनला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. त्यातही आभाळ भरलेलं. सकाळचे तास टाळू नका, उजेड असताना अर्धा तास बाहेर चाला. दोन आठवड्यांहून जास्त झोप आणि भूक बिघडलेली राहिली तर श्टुडिरेंडनवेर्कच्या समुपदेशकांची वेळ घ्या. तिथे विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत आणि इंग्रजीत बोलता येतं.

निघताना काय काय बंद करायचं?

आधी पत्ता. नोंदणी रद्द करण्याला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत ती करायची. विमा आणि उरलेलं श्पेरकोंटो बंद करायला तिची पावती मागतात. रेडिओ-दूरचित्रवाणीचं शुल्कही तिच्यावरच थांबतं. ते घरटी महिन्याला 18.36 युरो असतं, माणसागणिक नाही. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून बाकीचे सुटतात. आलेलं पत्र दुर्लक्षून ठेवलं तर बाकी वाढत जाते.

खोलीचा करार ठरावीक मुदतीचा असेल तर तो आपोआप संपतो. बेमुदत करार असेल तर सहसा तीन महिन्यांची पूर्वसूचना लागते, म्हणून सही करतानाच मुदत बघा. चावी देताना मालकासोबत खोली फिरून, काय जसंच्या तसं आहे ते लिहून, दोघांच्या सह्या घ्या. विजेच्या आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे फोटोत असू द्या. अनामत त्याच दिवशी परत मिळत नाही, हिशोबासाठी मालक ती काही महिने ठेवू शकतो. म्हणून तिथलं बँक खातं सगळ्यात शेवटी, अनामत जमा झाल्यावर बंद करा.